डेंगीनंतर चुकणारा ठोका : सोलापुरातील एक प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागात राहणारे आणि अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या यंत्रमाग कारखान्यात जॉबर म्हणून काम करणारे ४३ वर्षांचे एक गृहस्थ या प्रकरणाच्या केंद्रस्थानी आहेत. ओळख पटू नये म्हणून काही कौटुंबिक तपशील बदललेले आहेत. वैद्यकीय क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. हे प्रकरण दुर्मीळ नाही आणि मांडण्याचे कारणही तेच आहे. डेंगी, फ्लू, कोविड किंवा साधा विषाणूजन्य ताप उतरल्यानंतर छातीत धडधड होणे, मध्येच ठोका गळाल्यासारखे वाटणे, ही तक्रार घेऊन येणारे लोक पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत प्रत्येक फॅमिली डॉक्टरकडे असतात. त्यांतील बहुतेकांच्या हृदयाला कोणताही कायमचा धोका नसतो, थोड्यांच्या बाबतीत असतो, आणि या दोहोंतला फरक तपासणीनेच कळतो. तो एकदा नीट कळल्यानंतरही रुग्णाला काही आठवडे त्या ठोक्यांसह जगावे लागते. या दुसऱ्या भागाविषयी दवाखान्यात फारसे बोलले जात नाही आणि रुग्णाचे खरे हाल तिथेच होतात, असे माझे मत आहे.

ताप सप्टेंबरच्या मध्यात आला. पहिले दोन दिवस त्यांनी औषधाच्या दुकानातून घेतलेल्या गोळ्यांवर काढले. त्यात पॅरासिटामॉलबरोबर ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविकही होते. तिसऱ्या दिवशी रक्ततपासणीत डेंगीचे एनएस-१ प्रतिजन आढळले. उलट्या थांबेनात आणि प्लेटलेट उतरू लागले म्हणून त्यांना एका खासगी रुग्णालयात दाखल केले गेले. प्लेटलेट ४८ हजारांपर्यंत खाली गेले, रक्तस्राव झाला नाही, रक्तदाब टिकून राहिला, आणि ताप उतरल्यानंतरचे धोक्याचे दोन दिवस सलाईन व देखरेखीखाली निभावून ते घरी आले. तोवर प्लेटलेट १ लाख १० हजारांवर आले होते. घरच्यांच्या दृष्टीने आजार संपला होता, कारण आपल्याकडे डेंगी म्हणजे प्लेटलेट आणि प्लेटलेट वाढले म्हणजे डेंगी बरा, असे समीकरण पक्के झाले आहे. त्यामुळे पपईच्या पानांचा रस, किवी आणि शेळीचे दूध यांवर घरात बराच खर्च झाला होता. नेहमीचे डाळ-भाकरीचे जेवण मात्र जवळजवळ बंद होते.

घरी आल्यानंतर पाचव्या रात्री ते डाव्या कुशीवर झोपले असताना छातीत एक जोराचा धक्का बसल्याची जाणीव झाली, मग क्षणभर काहीच नाही, मग पुन्हा धक्का. उठून बसल्यावरही ते थांबेना. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर घरात होता. तो बोटाला लावला तेव्हा ऑक्सिजन ९८ आणि नाडी ४३ दिसली. शेजाऱ्यांकडचे रक्तदाब मोजण्याचे स्वयंचलित यंत्र आणले. त्यानेही नाडी चाळिशीतच दाखवली आणि पडद्यावर अनियमित ठोक्याची खूण उमटली. चार वर्षांपूर्वी त्यांचे एक चुलते वयाच्या ६४ व्या वर्षी झोपेतच गेले होते. त्या आठवणीमुळे घरात रडारड सुरू झाली आणि मध्यरात्री रिक्षाने त्यांना तातडीच्या विभागात नेण्यात आले.

तिथे काढलेल्या ईसीजीत हृदयाचे ठोके मिनिटाला ८६ होते. ऑक्सिमीटर त्याच वेळी ४३ दाखवत होता. दोन्ही यंत्रे आपापल्या जागी बरोबर होती. या प्रकरणातील सगळ्यात शिकवणारा भाग हाच असल्याने तो थोडा विस्ताराने सांगणे योग्य ठरेल.

हृदयाच्या उजव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, ठोक्याची सुरुवात करणारे पेशींचे एक केंद्र असते आणि त्याच्या आज्ञेनुसार संपूर्ण हृदय आकुंचन पावते. कधीकधी निलयातील, म्हणजे खालच्या कप्प्यातील, एखादा पेशीसमूह आज्ञेची वाट न पाहता वेळेआधीच ठोका देऊन टाकतो. या अवेळी ठोक्याच्या वेळी निलय पुरेसे भरलेले नसते, त्यामुळे त्यातून फारच थोडे रक्त बाहेर पडते आणि त्याची लाट मनगटापर्यंत किंवा बोटापर्यंत पोहोचतच नाही. त्यानंतर हृदय नेहमीपेक्षा थोडे अधिक थांबते, त्या विरामात निलय जास्त भरते, आणि पुढचा नियमित ठोका जोरकस पडतो. रुग्णाला जाणवतो तो बहुधा हा विराम आणि त्यानंतरचा जोरकस ठोका. प्रत्यक्ष अवेळी ठोका अनेकांना कळतही नाही. या गृहस्थांच्या ईसीजीत प्रत्येक नियमित ठोक्यामागे एक अवेळी ठोका येत होता. त्यामुळे हृदय ८६ वेळा आकुंचन पावत असले तरी बोटापर्यंत पोहोचणाऱ्या लाटा निम्म्याच होत्या, आणि ऑक्सिमीटर लाटाच मोजतो. ठोके अनियमित असताना बोटावरच्या किंवा दंडावरच्या यंत्राचा नाडीचा आकडा हृदयाचा वेग म्हणून वापरू नये, ही एक गोष्ट त्या घराला आधी माहीत असती, तर ती रात्र एवढी भीषण गेली नसती. अर्थात तरीही त्या रात्री रुग्णालयात जाणेच योग्य होते, कारण खरोखर मंदावलेले हृदय आणि अर्धेच मोजले जाणारे हृदय यांतील फरक घरी बसून करता येत नाही.

डेंगीच्या बाबतीत या फरकाला आणखी महत्त्व आहे. डेंगीतून बरे होण्याच्या टप्प्यात हृदयाचा वेग खरोखरच मंदावणे ही परिचित गोष्ट आहे; विश्रांतीत ५० च्या आसपास नाडी असलेले, पण हिंडते-फिरते आणि उत्तम जेवणारे रुग्ण दिसतात, आणि काही दिवसांत तो वेग आपोआप पूर्ववत होतो. क्वचित वरच्या कप्प्याकडून खालच्या कप्प्याकडे जाणारा संदेश अडण्याचा प्रकारही घडतो. त्याहून क्वचित, पण गंभीर, म्हणजे हृदयाच्या स्नायूचा दाह. म्हणून ‘विषाणूनंतर असे होतेच’ हे वाक्य खरे असले तरी ते तपासणीनंतर उच्चारायचे असते.

तपासणी काय काय झाली आणि कशासाठी, हे थोडक्यात असे. ईसीजीत अवेळी ठोके वगळता स्नायूच्या दाहाकडे बोट दाखवणारे बदल नव्हते, आणि ज्याला क्यूटी म्हणतात तो, म्हणजे प्रत्येक ठोक्यात निलयांना विद्युत्‌दृष्ट्या उत्तेजित होऊन पूर्ववत होण्यास लागणारा, कालावधी मर्यादेत होता. ही नोंद आवर्जून पाहण्याचे कारण औषधांत होते. ॲझिथ्रोमायसिन आणि उलटीसाठी दिले जाणारे ऑन्डॅन्सेट्रॉन ही दोन्ही औषधे हा कालावधी लांबवू शकतात. तो ५०० मिलिसेकंदांच्या पुढे गेला आणि त्यातच पोटॅशियम कमी असले, तर अत्यंत धोकादायक लय सुरू होऊ शकते. डेंगी हा विषाणूचा आजार असल्याने त्यावर प्रतिजैविकाचा काहीच उपयोग नव्हता. तरीही तापाच्या पहिल्याच दिवशी ते पोटात गेले होते, आणि हे सोलापुरातच घडते असे नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणारे ट्रोपोनिन काही तासांच्या अंतराने दोनदा तपासले आणि दोन्ही वेळा ते सामान्य आले. टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, निलयाची रक्त ढकलण्याची क्षमता ६० टक्के होती, झडपा निर्दोष होत्या, हृदयाच्या आवरणात पाणी नव्हते. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड ठीक होते. पोटॅशियम मात्र ३.३ निघाले, म्हणजे ३.५ या खालच्या मर्यादेपेक्षाही कमी, आणि मॅग्नेशियमही मर्यादेच्या किंचित खाली होते. आठवडाभराच्या उलट्या, जवळजवळ बंद असलेले जेवण आणि सलाईन यांचा हा हिशेब जुळत होता.

हृदयाचा एमआरआय करावा का, असा प्रश्न नातेवाइकांनी विचारला, कारण त्यांच्या ओळखीत कुणाला तो सुचवला गेला होता. स्नायूच्या दाहाचे चित्र एमआरआयइतके स्पष्ट दुसऱ्या कोणत्याही बाह्य तपासणीत मिळत नाही, हे खरे आहे. मात्र छातीत दुखणे नाही, धाप नाही, ट्रोपोनिन सामान्य, इको सामान्य, अशा स्थितीत त्या खर्चिक तपासणीने उपचारात काही बदल होण्याची शक्यता फार कमी होती. यांपैकी एकही गोष्ट वेगळी असती, तर हृदयरोगतज्ज्ञांनी ती तपासणी नक्कीच करवून घेतली असती. ट्रेडमिल चाचणीही त्या आठवड्यात मुद्दाम केली नाही. दाहाची शंका पूर्ण मिटण्याआधी हृदयाला जोराच्या श्रमाला लावणे शहाणपणाचे नसते.

त्यानंतर २४ तासांचे होल्टर, म्हणजे अंगावर बाळगून सतत ईसीजी नोंदवणारे यंत्र, लावले गेले. अमेरिकी जैवभौतिकशास्त्रज्ञ नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस पहिल्यांदा असे यंत्र अंगावर वागवले, तेव्हा त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते आणि ते पाठीवर बांधावे लागे; आज ते खिशात मावते. अहवालात दिवसभराचे एकूण ठोके १ लाख ८ हजार आणि त्यांतले अवेळी ठोके ७,५६० होते, म्हणजे ७ टक्के. आकडा ऐकून रुग्णाचा चेहरा उतरला. पण या अहवालात संख्येइतक्याच महत्त्वाच्या आणखी तीन गोष्टी होत्या. सगळे अवेळी ठोके एकाच आकाराचे, म्हणजे एकाच जागेतून निघणारे होते. तीन किंवा अधिक अवेळी ठोके ओळीने कुठेही आलेले नव्हते. आणि ते चालताना, जिना चढताना कमी होत होते, तर संध्याकाळी आडवे पडल्यावर आणि रात्री वाढत होते. झोपेत नाडीचा सर्वांत कमी वेग ४६ होता आणि त्या वेळी लय नियमित होती. हाच तो डेंगीनंतरचा निरुपद्रवी मंदपणा. दिवसभराच्या नोंदीत थोडेफार अवेळी ठोके निरोगी माणसांतही मोठ्या प्रमाणावर सापडतात. एकूण ठोक्यांच्या १० टक्क्यांहून अधिक अवेळी ठोके दीर्घकाळ राहिले, तर निलय थकून कमकुवत होण्याची शक्यता लक्षात घेऊन नियमित इको करावे लागतात. हे गृहस्थ त्या रेषेच्या अलीकडे होते, पण फार दूर नव्हते. म्हणून ‘काही नाही, विसरून जा’ असे त्यांना सांगितले गेले नाही. हृदय निरोगी आहे, ठोके खरे आहेत, ते कमी होण्याची अपेक्षा आहे, आणि ते झाले की नाही हे तीन-साडेतीन महिन्यांनी पुन्हा मोजून पाहायचे आहे, असे सांगितले गेले.

येथपर्यंतचा प्रवास कोणत्याही बऱ्या रुग्णालयात असाच झाला असता. पुढचे सहा आठवडे अधिक अवघड होते.

जॉबरचे काम माग दुरुस्त करण्याचे असते. चाळीसएक माग एकाच वेळी धडधडत असलेल्या शेडमध्ये उभे राहून कोणत्या मागाचा धोटा अडखळतो आहे, हे त्याला कानाने ओळखावे लागते. वीस वर्षांत कमावलेला हा कान आता स्वतःच्याच छातीकडे लागला होता. “डॉक्टर, शंभर ठोक्यांत कुठला गळतो ते मी सांगतो,” असे ते म्हणत आणि ते बऱ्याच अंशी खरेही असे. ठोका गळाला की भीती, भीतीबरोबर अंगात ॲड्रेनलिनची लाट, त्या लाटेने हृदयाची चिडचिड आणि आणखी अवेळी ठोके, असे चक्र फिरू लागले. रात्रभर बोटाला ऑक्सिमीटर लावलेला असे. पत्नी दिवसभर घरी विड्या वळून रात्री दर तासाला उठून त्यांचा श्वास पाहत असत. झोप दोघांचीही उडाली, आणि अपुरी झोप हे अवेळी ठोके वाढवणारे एक स्वतंत्र कारण आहे.

त्यात सल्ल्यांची भर पडली. एका नातेवाइकांनी हे सगळे गॅसमुळे होते असे ठासून सांगितले. या समजुतीत तथ्याचा अंश आहे. भरपेट जेवणानंतर जठर फुगले आणि माणूस लगेच आडवा झाला, तर काहींना ठोके अधिक जाणवतात, आणि डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीशी अधिक लागत असल्याने तेही जाणीव वाढवते. तथापि गॅसच्या गोळ्या घेत राहून ईसीजीच न काढणे, हा या समजुतीचा नेहमीचा आणि कधीकधी महागात पडणारा परिणाम असतो. दुसऱ्या एकाने हृदयाचा आजार म्हटल्यावर मीठ बंद करायला सांगितले. ज्याला रक्तदाबाचा विकार नाही, जो नुकताच डेंगीतून उठला आहे आणि ज्याला उभे राहिल्यावर आधीच गरगरते आहे, अशा माणसाचे मीठ तोडणे म्हणजे त्याची गरगर वाढवणे होय. झालेही तसेच. तिसरा सल्ला संपूर्ण अंथरुणातील विश्रांतीचा होता आणि तो सर्वांत काटेकोरपणे पाळला गेला.

तपासणीस आले तेव्हा त्यांना दहा मिनिटे झोपवून आणि मग उभे करून नाडी व रक्तदाब मोजला गेला. नाडी बोटाच्या यंत्राने न मोजता ईसीजीवर पाहिली. आडवे असताना वेग ६८ होता, उभे राहिल्यावर पाचव्या मिनिटाला ९४ झाला, आणि रक्तदाब घसरला नाही. दहा मिनिटांच्या आत ३० किंवा त्याहून अधिक वाढ झाली आणि ती महिनोन्महिने टिकली, तर विषाणूनंतर उद्भवणाऱ्या एका स्वतंत्र विकाराचा विचार करावा लागतो. येथे वाढ २६ होती. आजार, अंथरूण, कमी मीठ आणि कमी पाणी यांमुळे शरीराची उभे राहण्याची सवयच मोडली होती. अंथरुणात पडून राहिल्याने स्नायू व रक्ताचे एकूण प्रमाण दोन्ही घटतात, आणि मग साध्या हालचालीलाही हृदयाला धावावे लागते. धडधड वाढली म्हणून माणूस आणखी पडून राहतो.

त्यानंतर ठरलेली पथ्ये साधी होती. ऑक्सिमीटर शेजाऱ्यांकडे ठेवायला दिला गेला. सकाळी उठल्यावर एकदाच, हाताने, पूर्ण एक मिनिट नाडी पाहायची आणि वहीत लिहायची. दिवसभरात पुन्हा मनगटाला हात लावायचा नाही. आहारात मीठ नेहमीइतके, पाणी अडीच ते तीन लिटर, सोबत मीठ घातलेले ताक किंवा लिंबू सरबत. पोटॅशियमसाठी काही दिवस औषध दिले गेले, मग केळी, डाळी, शहाळे यांवर भर राहिला, आणि दहा दिवसांनी ते ४.२ वर आले. हा भाग वाचून कुणी स्वतःच्या मनाने शहाळी आणि पोटॅशियमचे औषध सुरू करू नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्या माणसात पोटॅशियम वाढणे हे कमी होण्याहून अधिक जीवघेणे ठरू शकते. चहा दिवसाला दोन कपांवर आणला गेला. तंबाखूबाबत बोलणे झाले. निकोटीन हृदयाला थेट उत्तेजित करते हे त्यांना पटले, सोडण्याचे मात्र त्यांनी टाळले.

चालणे सपाटीवर आणि गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने सुरू झाले. पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे, हीच गतीची मर्यादा होती. त्या दिवशी बरे वाटले तरी दुसऱ्या दिवशी अंगातले त्राण गेले, तर मागच्या टप्प्यावर यायचे, हा नियम त्यांना सर्वांत जड गेला, कारण कष्टाच्या कामाची सवय असलेल्या माणसाला थकवा हा पुढे रेटून संपवायचा असतो. विषाणूनंतरचा थकवा तसा संपत नाही, उलट लांबतो.

धोक्याच्या खुणा वेगळ्या सांगितल्या गेल्या आणि पत्नीलाही समोर बसवून सांगितल्या. शुद्ध हरपणे, विशेषतः श्रम करताना. छातीत दाबल्यासारखे दुखणे. आडवे पडल्यावर धाप लागणे किंवा पायांवर सूज येणे. विश्रांतीत असूनही नाडी बराच वेळ १२० च्या पुढे धावत राहणे. यांपैकी काहीही झाले तर वही, फोन, सल्ला यांत वेळ न घालवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची. नुसता ठोका गळणे या यादीत नव्हते. ते नाही, हे दोनदा विचारून खात्री करून घेतल्यावरच बाईंनी रात्री उठणे थांबवले. माझ्या मते या घरात लागू पडलेले सर्वांत परिणामकारक औषध हेच होते.

ठोके दाबणारी गोळी का देत नाही, हा आग्रह मात्र टिकून राहिला. बीटा-ब्लॉकर वर्गातील, म्हणजे हृदयाचा वेगही कमी करणाऱ्या, औषधाचा छोटा डोस अशा वेळी दिला जातो आणि त्रास असह्य असेल तर तो देणे योग्यही असते. येथे झोपेतला वेग आधीच ४६ होता आणि डेंगीनंतरचा मंदपणा पुरता गेलेला नव्हता, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी ते राखून ठेवले. त्याहून जोरकस औषधांविषयी एक इतिहास प्रत्येक रुग्णाला सांगण्याजोगा आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांमधील अवेळी ठोके औषधाने दाबले तर मृत्यू टळतील, या अपेक्षेने अमेरिकेत कास्ट नावाची मोठी चाचणी झाली. ज्या औषधांनी ठोके उत्तम दाबले जात होते, त्यांतील दोन घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी होण्याऐवजी वाढलेले आढळले, आणि १९८९ मध्ये त्या औषधांपुरती चाचणी थांबवावी लागली. ते रुग्ण वेगळे होते, त्यांची हृदये इजा झालेली होती. पण ईसीजी स्वच्छ दिसणे आणि माणूस सुरक्षित असणे या दोन गोष्टी एक नाहीत, हे त्या चाचणीने कायमचे दाखवून दिले.

मध्येच कोजागरी आली. सोलापुरातून त्या निमित्ताने तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते आणि हे गृहस्थही दरवर्षी ते सुमारे ४५ किलोमीटरचे अंतर रात्रीतून चालत. या वर्षी नवसाचे कारण होते, त्यामुळे नाही म्हणणे कठीण होते. त्यांना कारण स्पष्ट सांगितले गेले : अडचण अवेळी ठोक्यांची नाही, आजारातून उठल्यावर तिसऱ्या आठवड्यात रात्रभर जागून, घाम गाळून, अपुऱ्या पाण्यावर इतके चालणे ही अडचण आहे. स्नायूच्या दाहाचे निदान झाले असते, तर जोराच्या श्रमांना साधारण तीन ते सहा महिने बंदी आली असती, तसे येथे नव्हते. शेवटी त्यांच्या मातोश्रींनी “आई काय परकी आहे का, एसटीनं गेलास तरी ती वळखल” असे म्हणून वाद मिटवला, आणि ते एसटीने जाऊन आले.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते दिवसपाळीत कामावर रुजू झाले. सुताचे जड बीम उचलण्याचे काम पहिला महिना सहकाऱ्यांनी केले. यासाठी मालकांना डॉक्टरांची चिठ्ठी लागली आणि ती दिली गेली. ठोके अजून जाणवत होते, पण वहीतील नोंदी हळूहळू त्रोटक होत गेल्या आणि कामावर गेल्यानंतर दहा-बारा दिवसांतच काही पाने कोरी दिसू लागली. रात्रपाळी डिसेंबरात सुरू झाली तेव्हा तीन-चार रात्री त्रास पुन्हा उसळला. झोपेचे गणित बिघडले की असे होणार याची कल्पना आधी दिलेली असल्याने या वेळी कुणी रिक्षा बोलावली नाही.

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा सरत आल्यावर, जानेवारीत, होल्टर आणि इको पुन्हा करण्यात आले. १ लाख ४ हजार ठोक्यांत अवेळी ठोके ४१६ होते, म्हणजे ०.४ टक्के. इको पूर्वीसारखेच निर्दोष होते. नवीन लक्षण उद्भवल्याशिवाय होल्टर पुन्हा करण्याची गरज नाही, असे लिहून दिले गेले. कशामुळे किती फरक पडला हे एका रुग्णावरून सांगता येत नाही. पोटॅशियम, झोप, चालणे आणि निव्वळ काळ, या सगळ्यांचा त्यात वाटा असावा, आणि काही न करताही ते बऱ्याच अंशी कमी झाले असते ही शक्यता नाकारता येत नाही. सहा आठवड्यांचे हाल मात्र काही न करता कमी झाले नसते.

शेवटच्या भेटीत हृदयापेक्षा पाण्यावर अधिक बोलणे झाले. डेंगीच्या विषाणूचे चार प्रकार आहेत, एका प्रकाराची लागण दुसऱ्यापासून टिकाऊ संरक्षण देत नाही, आणि वेगळ्या प्रकाराची दुसरी लागण अधिक गंभीर होण्याचा धोका असतो; या माणसाला पुढील काळात खरी भीती अवेळी ठोक्यांची नसून या दुसऱ्या लागणीची आहे. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे घरोघरी पिंपे आणि हौद भरलेले असतात, आणि एडिस डासाला अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे सांगणे सोपे आहे, पण पुढचे पाणी नक्की कधी येईल याची खात्री नसताना साठवलेले पाणी ओतून देणे कोणत्याही गृहिणीला पटत नाही, आणि ते न पटण्यात तिचे काही चुकतही नाही. म्हणून या घरापुरते असे ठरले की पिंपांची तोंडे घट्ट कापडाने बांधायची, उरलेले पाणी नळ सुरू झाल्यावरच धुण्याला काढून पिंप आतून घासूनच पुन्हा भरायचे, कारण अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटून राहतात आणि नुसते पाणी बदलल्याने जात नाहीत. आणि अंगणातील जो सिमेंटचा हौद रिकामा करणे शक्य नाही, त्यात महापालिकेच्या हिवताप विभागाकडून डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आणून सोडायचे.